रोजची वीस डोकी

चित्रकाम हा आमच्या घरचा धंदा होता, पण आमच्या घरात चित्र नव्हतं. अब्बा मिरजेत बोर्ड रंगवायचे. मिरज दवाखान्यांचं गाव असल्यामुळे कामाला तोटा नव्हता. डॉक्टरांच्या पाट्या, मेडिकल, लॉज, खानावळी, टेम्पोच्या फळ्या. मराठी, इंग्रजी, कानडी आणि क्वचित उर्दू अशा चार लिप्या ते लिहायचे. त्यातली कानडी त्यांना वाचता येत नसे, पण कुठल्याही कानडी गिऱ्हाइकानं त्यांच्या अक्षराला नाव ठेवलं नाही. चेहरा मात्र त्यांनी चाळीस वर्षांत एकदाही काढला नाही. दातांच्या डॉक्टरला बोर्डावर हसरी बाई हवी असली की अब्बा त्याला दाढ काढून द्यायचे. पांढरीशुभ्र, दोन मुळांची, खाली निळी सावली.

मी त्यांचा मुलगा. वय ४६, कोल्हापुरात एका ऑफिसात हिशेबाचं काम. गेली तीन वर्षं मी रोज डोकी काढतोय. फज्रची नमाज झाली की चहा होईपर्यंत अर्धा तास मिळतो. फुलस्केप वही, बॉलपेन, एका पानावर वीस डोकी. पेन्सिल मुद्दाम घेत नाही, कारण पेन्सिल आली की खोडरबर येतो आणि खोडरबर आला की अर्ध्या तासात दोनच डोकी होतात, तीही घाबरलेली. डोक्यांच्याच सहा वह्या भरल्या आहेत. गाडीतल्या माणसांच्या वह्या वेगळ्या.

या वयात हे कशाला, असं बरेच जण विचारतात. कारण सांगतो, पण आधी हे काम काय असतं ते सांगायला हवं. चित्रकला म्हणजे देणगी, ती असते किंवा नसते, असं आपल्याकडे फार पक्कं बसलेलं आहे. तबला वाजवणाऱ्याला कुणी असं म्हणत नाही. तिथे रियाज हा शब्द सगळ्यांना माहीत आहे.

शाळेत मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही परीक्षा दिल्या. महाराष्ट्रात शिकलेल्या बहुतेकांना त्या ठाऊक असतील. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्य भूमिती आणि अक्षरलेखन. अक्षरलेखनात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं, ती घरची विद्या होती. स्मरणचित्रात माणसं काढावी लागत. भाजी मंडई, बसस्टॉप, पाणवठा. अम्मीनं वहीत डोकावून एकदाच सांगितलं होतं, "आंखां नको निकाल रे, बाकी कुछ भी निकाल." आमची दखनी ही अशी आहे, तिच्यात ‘नको’ आहे. म्हणून माझ्या मंडईतली सगळी माणसं पाठमोरी असत. भाजीवालीसुद्धा गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसलेली. गंमत म्हणजे वर्गातल्या निम्म्या मुलांची माणसं पाठमोरीच होती. त्यांच्या घरी कुणी मनाई केली नव्हती, त्यांना चेहरा जमत नव्हता एवढंच. परीक्षेत आम्ही सगळे सारखेच पास झालो.

तर डोकं. त्याचं पहिलं गणित इतकं सोपं आहे की त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या जवळपास बरोबर मध्यावर असतात. टाळूपासून डोळ्यांपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत. आरशासमोर उभं राहून कंगव्यानं मोजून बघा. कुणालाही माणूस काढायला सांगा, तो डोळे वर, कपाळाच्या जागी काढतो. बोलताना आपण समोरच्याचे डोळे आणि तोंड बघतो. कपाळ आणि टाळू यांच्याशी आपलं काही काम नसतं, म्हणून मन त्यांना मोजतच नाही. कामाचा भाग मोठा करून ठेवतं आणि बिनकामाचा कापून टाकतं. बाजूनं काढलेल्या डोक्यात मागची कवटी अशीच उडते. कानाच्या मागे जवळपास अर्धं डोकं शिल्लक असतं, पण नवशिक्याच्या चित्रात तिथे थेट मान सुरू होते.

बाकीची मापंही अशीच आहेत. दोन डोळ्यांच्या मध्ये एका डोळ्याएवढी जागा. समोरून बघितलं तर डोक्याची रुंदी साधारण पाच डोळे. कान वरून भुवईच्या आणि खालून नाकाच्या रेषेत. लहान मुलांचे डोळे मध्याच्या खाली असतात आणि कपाळ मोठं. मोठ्या माणसाचा चेहरा आहे तसा लहान करून खांद्यावर ठेवला तर मूल दिसत नाही, बुटका म्हातारा दिसतो. देवळाबाहेरच्या आणि दर्ग्याबाहेरच्या कॅलेंडरांत असे म्हातारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

मी शिकलो ती पद्धत अँड्र्यू लूमिस या अमेरिकन चित्रकाराची. जाहिराती आणि मासिकांची चित्रं काढणारा माणूस. डोकं आणि हात यांवरचं त्याचं पुस्तक १९५६ चं आहे. तो सांगतो, आधी चेंडू काढा. मग त्याच्या दोन्ही बाजू सुरीनं कापल्यासारख्या सपाट करा, कारण माणसाचं डोकं कानांच्या बाजूंना चपटं असतं. त्या सपाट चकतीचा मध्य ही भुवईची पातळी. चकतीची वरची कड म्हणजे जिथे केस सुरू होतात ती जागा, खालची कड म्हणजे नाकाचा तळ. तेवढंच अंतर आणखी एकदा खाली घेतलं की हनुवटी. बास. चेंडू वळवा, डोकं वळतं. चेंडू झुकवा, डोकं झुकतं.

पुस्तकात वाचून मला हे कळलं नव्हतं. कळलं ते मिरजेच्या सतारमेकरांच्या दुकानात. तिथे पंढरपूर भागातून आलेले भोपळे वाळत टांगलेले असतात आणि कापलेले भोपळे फळीवर ओळीनं मांडलेले असतात. एक कारागीर भोपळ्याची एक बाजू कापून त्यावर तबली बसवायच्या तयारीत होता. त्यानं भोपळा हातात फिरवला आणि कापलेली सपाट बाजू आधी गोल दिसली, मग लंबगोल, मग नुसती रेघ. लूमिसची चकती! चाळिशी ओलांडलेला माणूस सतारीच्या दुकानात भोपळा फिरवत अर्धा तास बसला. घ्यायचंय का, असं त्या भल्या माणसानं एकदाही विचारलं नाही.

पद्धत पाठ झाली की एक नवी अडचण येते. सगळी डोकी एकाच आईची लेकरं दिसू लागतात. नीटनेटकी, प्रमाणशीर आणि कुणाचीच नाहीत. पुस्तकावरून शिकणारे पुष्कळ जण इथेच थांबतात, कारण चित्र ‘बरं’ दिसतं आणि घरचे वाहवा करतात. माझ्या मते खरं काम इथून पुढे असतं. माप हे माणूस मापापेक्षा किती वेगळा आहे हे कळण्यासाठी असतं. कुणाचं नाक त्या तिसऱ्या भागात मावत नाही, कुणाची हनुवटी दोन बोटं आधीच संपते. माप माहीत नसेल तर हा फरक दिसतच नाही. नुसतं वाटतं की ‘काहीतरी वेगळं आहे’.

अब्बांनी माझी वही पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी सहाव्या-सातव्या महिन्यात होतो. पान उलटलं, पुन्हा उलटलं. वीस डोकी, पुन्हा वीस डोकी. मला वाटलं काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "ये तो मश्क है."

मश्क म्हणजे गिरवणं. खुशनवीस, म्हणजे सुंदर अक्षर लिहिणारा, उस्तादाकडे जी अक्षरं पुन्हा पुन्हा लिहून काढतो ती मश्क. अब्बा लहानपणी एका कातिबाकडे शिकले. मुलतानी माती फासलेली लाकडी तख्ती, बोरूची लेखणी, आणि सहा महिने फक्त अलिफ. एका अक्षरावर दुसरं, त्यावर तिसरं, कागद काळा होईपर्यंत लिहीत जायचं. त्या काळ्या कागदाला सियाह मश्क म्हणतात. आता असे जुने कागद संग्रहालयांत काचेआड असतात, पण लिहिणाऱ्यानं ते कुणाला दाखवायला लिहिले नव्हते. आणि त्या अलिफालाही माप असतं. बोरूचं टोक कागदावर टेकवून एक चौकोनी ठिपका पडतो, तो नुक्ता. अलिफची उंची नुक्त्यांत मोजतात. बाकीची अक्षरं अलिफच्या हिशेबात. ही मापाची रीत दहाव्या शतकातल्या बगदादच्या इब्न मुक्लानं बसवली असं मानतात. तो वजीरही होता. राजकारणात त्याचा उजवा हात कापला गेला.

मी अब्बांना लूमिसची चकती समजावली आणि पाच डोळ्यांची रुंदी सांगितली. त्यांनी मान हलवली. नवीन काहीच नव्हतं त्यांच्यासाठी. नुक्त्याच्या जागी डोळा होता.

गाडीतलं काम वेगळं. मिरज-कोल्हापूर पॅसेंजरला तासाभराच्या वर वेळ लागतो. येता-जाता मिळून अडीच तास. या वेळात मी डोकी नाही, अख्खी माणसं काढतो, तीही अर्ध्या ते एका मिनिटात. याला चित्रकार जेश्चर म्हणतात. मराठीत ‘हावभाव’ म्हणतात, पण तो शब्द नाटकाकडे झुकतो. मला आमच्याकडचा ‘ढब’ हा शब्द जास्त बरोबर वाटतो. ओळखीच्या माणसाला आपण लांबून, चेहरा दिसण्याआधी ओळखतो, ते ढबीवरून.

ढब काढताना नाक-डोळे काढायचे नाहीत, कपड्यांच्या चुण्या काढायच्या नाहीत, बाह्यरेषासुद्धा काढायची नाही. माणूस काय करतोय एवढंच. किमॉन निकोलाइडीस नावाचा न्यूयॉर्कचा शिक्षक हे शिकवायचा. त्याचं पुस्तक तो गेल्यानंतर १९४१ साली निघालं आणि आजही छापलं जातं. त्याच्या पद्धतीची गुरुकिल्ली माझ्या शब्दांत सांगायची तर, समोरच्याचं वजन कुठे आहे ते आधी शोधा. एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला तर तो त्याच पायाच्या टाचेजवळ पडतो. त्या बाजूचा कुल्ला वर जातो आणि खांदा खाली येतो. हे एकदा कळलं की प्लॅटफॉर्मवर उभा असलेला प्रत्येक माणूस तिरक्या रेघांचा दिसायला लागतो. सरळ उभं कुणीच नसतं, नवीन भरती झालेला पोलीस सोडला तर.

झोपलेली माणसं सगळ्यात चांगली. मान पुढे पडलेली असली की चेहऱ्याच्या सगळ्या रेषा खाली वाकतात आणि कान डोळ्यांच्या वर दिसू लागतो. जागेपणी कान भुवईच्या रेषेत असतो हे पाठ असलेला हात इथे अडतो. कान एवढा वर? बघितलं तर खरंच वर आहे. जयसिंगपूरच्या अलीकडे कृष्णेचा पूल लागतो, तिथे गाडीचा आवाज बदलतो आणि झोपलेला माणूस हमखास मान दुसरीकडे टाकतो. त्याचं चित्र तिथेच संपवायचं. माझ्या वहीत कृष्णेमुळे अर्धवट राहिलेली माणसं बरीच आहेत.

एकदा एका बाईंनी मला पकडलं. रुकडीला चढणाऱ्या, मांडीवर भाजीची पाटी. "ओ भाऊ, माझं काढताय न्हवं?" मी वही पुढे केली. त्यांच्या चित्रात चेहरा नव्हता, पाटी सावरणारी पाठ आणि दोन हात होते, आठ-दहा रेघांत. त्यांनी बघितलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "बघ, ह्यो माझा दुखरा खांदा." मी खांदा वाकडा काढला होता, पण तो दुखतो हे मला माहीत नव्हतं.

ढबीबद्दल एक गोष्ट मला पुस्तकाआधी माहीत होती, नमाजेमुळे. रुकूत पाठ आडवी होते तेव्हा गुडघ्यावर ठेवलेल्या हातांवर किती भार येतो, सजद्यातून उठताना आधी काय उचलतं, हे दिवसातून पाच वेळा अंगाला कळत असतं. वाकलेला माणूस काढताना मी माझ्या अंगाला विचारतो. नमाज पढणाऱ्या माणसांची चित्रं मात्र मी काढत नाही. तिथे वही नेत नाही.

यथार्थदर्शनाकडे मी सगळ्यात शेवटी वळलो. शाळेत तो विषय भूमितीसारखा शिकवला जातो, पट्टी लावून, एक बिंदू, दोन बिंदू, रेल्वेचे रूळ आणि दोन्ही बाजूंना तारेचे खांब. त्यात कुणी जिवंत माणूस उभा नसतो, त्यामुळे त्याची गंमत कळत नाही. गंमत अशी आहे की क्षितिजरेषा ही चित्र काढणाऱ्याच्या डोळ्यांची उंची असते. सपाट प्लॅटफॉर्मवर मी उभा आहे आणि समोर माझ्याच उंचीची पन्नास माणसं आहेत, कुणी चार पावलांवर, कुणी पार त्या टोकाला, तर सगळ्यांची डोकी एका रेषेत येतात. लांबचा माणूस लहान होतो, पण वरून होत नाही, त्याचे पाय वर सरकतात. हेच मी बाकावर बसून काढलं तर ती रेषा खाली येते आणि उभ्या माणसांच्या छातीतून किंवा पोटातून जाते. चित्र बघणाऱ्याला मी दिसत नाही, पण मी बसलो होतो की उभा होतो हे चित्र त्याला सांगून टाकतं.

अब्बांना यातला एकही शब्द माहीत नव्हता आणि सगळं येत होतं. तिसऱ्या मजल्यावर दवाखान्याचं नाव भिंतीवर लिहायचं असलं की वरची ओळ ते खालच्या ओळीपेक्षा उंच घ्यायचे. शिडीवरून बघितलं तर अक्षरं बेढब, ताणलेली. खाली रस्त्यावर उतरून बघितलं की दोन्ही ओळी सारख्या. पेशंट रस्त्यावरून येतो, शिडीवरून नाही, एवढाच त्यांचा सिद्धांत.

या विषयाचा इतिहास वाचताना बसऱ्याचा इब्न अल-हैसम भेटतो. आयुष्याचा उत्तरार्ध त्यानं कैरोत काढला, अकराव्या शतकात. ‘किताब अल-मनाझिर’ हा त्याचा ग्रंथ. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन लागतात म्हणून आपल्याला दिसतं, असं त्याआधी मोठमोठे लोक मानत. यानं उलट मांडलं आणि प्रयोगांनी तपासलं, की वस्तूच्या प्रत्येक बिंदूवरून प्रकाश येतो आणि डोळ्यात शिरतो. हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, युरोपात वाचला गेला. पुढे पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीनं यथार्थदर्शनाचा प्रयोग करून दाखवला आणि १४३५ मध्ये आल्बेर्तीनं त्याचे नियम लिहून काढले. पण म्हणून ‘यथार्थदर्शन मुसलमानांनी शोधलं’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरवू नये, ही विनंती. इब्न अल-हैसमनं नजर कशी चालते ते सांगितलं, चित्र कसं काढावं ते नाही. त्याच्या भागातले चित्रकार पुढेही कित्येक शतकं वेगळ्याच तऱ्हेनं काढत राहिले.

आणि ती तऱ्हा मला कमी वाटत नाही. मुघल चित्रात गालिचा वरून दिसतो, त्यावर बसलेला बादशहा बाजूनं दिसतो आणि मागची बाग तिसऱ्याच उंचीवरून. एका जागी उभं राहून बघायची सक्ती तिथे नाही. चेहऱ्यांनाही त्यांच्याकडे नावं होती. एका बाजूनं काढलेला, एकच डोळा दिसणारा चेहरा एकचश्म; थोडा वळलेला तो डेढचश्म, दीड डोळ्यांचा. दीड हा हिशेब ज्यानं केला त्यानं तो पलीकडचा डोळा काढून बघितलेला होता, याची मला खात्री आहे. तीन वर्षांनंतरही मला सगळ्यात जास्त छळतो तो हाच अर्धा डोळा. जहांगीरचा लाडका चित्रकार अबुल हसन तेरा वर्षांचा असताना, १६०० मध्ये, त्यानं ड्यूररच्या छापचित्रातल्या सेंट जॉनची नक्कल काढली. ती आज ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे. तेरा वर्षांचं पोर परक्या देशातल्या चित्रावरून मश्क करत होतं.

दोन बिंदूंच्या यथार्थदर्शनासाठी रेल्वेचा पादचारी पूल फार चांगला. जिने, कठडे, छत, सगळं दोन दिशांना पळतं. एका स्टेशनवर मी असाच बसून पूल काढत होतो. वर्दीतला एक माणूस आला, काय करताय म्हणाला. मी सांगितलं. नाव विचारलं. तेही सांगितलं. नाव ऐकल्यावर त्याचा दुसरा प्रश्न आला, की पूलच का काढताय? मी त्याला क्षितिजरेषा समजावून सांगू लागलो, पण ते ऐकून घ्यायला तो आला नव्हता. वही घेतली, पानं उलटली. आतमध्ये झोपलेली माणसं, डोकी, पाठी. "ही कोण माणसं?" कोण ते मला माहीत नव्हतं. तेच उत्तर त्याला आवडलं नाही. पास बघितला, आधार बघितलं, आणखी एकाला बोलावलं. माझी गाडी निघून गेली. शेवटी वही परत मिळाली. तेवढ्या वेळात तो एका पायावर भार देऊन, कमरेवर हात ठेवून उभा होता, आणि मला त्याची ढब अजून तोंडपाठ आहे. ती मी काढलेली नाही. दोन बिंदूंचं यथार्थदर्शन मी मग आमच्या गच्चीवरून शिकलो. तिथून गल्लीचा कोपरा दिसतो, एका बाजूला पिठाची गिरणी आणि दुसऱ्या बाजूला सायकलचं दुकान. पूल नाही, पण चालतं.

कोल्हापुरात आबालाल रहिमान होऊन गेले, हे मला कोल्हापुरात नोकरी करूनही उशिरा समजलं. मुंबईच्या जे. जे.त शिकले, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार झाले, आणि रंकाळा, कोटितीर्थ अशा आसपासच्या जागा रंगवत राहिले. १९३१ मध्ये गेले. त्यांच्या घरी हा प्रश्न कुणी काढला होता का, कोण जाणे. आमच्या घरी तो होता.

तो प्रश्न बाहेरून वाटतो तेवढा मोठा नव्हता आणि तेवढा लहानही नव्हता. कुराणात चित्रं काढू नका असं थेट कुठे म्हटलेलं नाही, पण सजीवांची चित्रं करणाऱ्यांबद्दल कडक हदीस आहेत, आणि त्या अम्मीला माहीत आहेत. चित्रांवर पोट असलेला एक माणूस इब्न अब्बास यांच्याकडे आला तेव्हा त्यांनी त्याला झाडं आणि निर्जीव वस्तू काढायचा सल्ला दिला, हीसुद्धा हदीस आहे. अब्बांची दाढ त्याच वाटेनं आली असावी. आलिमांमध्ये यावर मतभेद आहेत, फोटोवर आहेत, शिक्षणासाठी काढलेल्या चित्रांवर आहेत. मी आलिम नाही. मी माझ्यापुरतं एवढं ठरवलं की वहीत काढीन, भिंतीवर लावणार नाही. अम्मीनं याला हो म्हटलं नाही. तिनं एवढंच केलं की तिच्या खोलीत वही राहिली तर नमाजेआधी ती स्वतःच कपाटात ठेवते. वही नीट ठेवते, कोपरे दुमडू देत नाही. यावर आमच्यात यापेक्षा जास्त बोलणं झालेलं नाही आणि होईल असं वाटत नाही.

आता कारण. फ्लेक्स आला तेव्हा अब्बांचं काम दोन-तीन वर्षांत संपलं. दुकानाचं नाव दोन तासांत छापून मिळू लागलं, वर मालकाचा हसरा फोटो फुकट. अब्बांनी कधी तक्रार केली नाही. ब्रश केरोसीनमध्ये धुऊन, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवले. पुढे त्यांचा उजवा हात थरथरू लागला. मिरजेत त्यांनी लिहिलेले जुने बोर्ड एकेक करून उतरले. पंधरा वर्षांपूर्वी मी त्यांच्याबरोबर गावातून चाललो की ते बोट दाखवायचे, हा माझा, तो माझा. आता दोन-तीन उरलेत, त्यातल्या एकावर नवी एसी मशीन बसवलीय आणि डॉक्टरांची पदवी झाकली गेलीय. आणि अब्बांचा स्वतःचा फोटो म्हणाल तर एकच, आधार कार्डावरचा, ज्यात ते स्वतःला ओळखत नाहीत. चित्रकामावर ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाचं चित्र कुणीतरी हातानं काढावं, आणि ते बाहेरच्यानं काढू नये, असं मला वाटलं. मग डोकी सुरू केली.

तीन वर्षांत मी त्यांना कधी बसायला सांगितलं नव्हतं. गेल्या रमजानआधीच्या एका रविवारी ते गच्चीवर उन्हात बसले होते आणि मी विचारलं. ते म्हणाले, काढ की. अम्मी खाली होती. मी खुर्ची थोडी फिरवून घेतली, डेढचश्म. चेंडू, चकती, भुवईची रेषा. मापात त्यांचं काहीच बसत नाही. कान फार लांब आहेत, वयानं आणखी लांबलेत. वरचा ओठ आत गेलाय. डावी भुवई उजवीपेक्षा वर आहे, चाळीस वर्षं एक डोळा बारीक करून रेघेची समानता तपासल्यामुळे असेल. ही भुवई मी जन्मभर पाहत आलोय आणि ती वर आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हात थरथरत होता म्हणून त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला होता. मी म्हटलं, राहू दे मोकळा, मी फक्त डोकं काढतोय. त्यांनी नाही काढला.

पाऊण तास लागला. पलीकडचा अर्धा डोळा मी सगळ्यात शेवटी काढला. खाली कोपऱ्यात तारीख घातली आणि वही त्यांच्याकडे दिली. त्यांनी ती हातभर लांब धरली, मग जवळ घेतली, मग तो डावा डोळा बारीक केला. चेहऱ्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

"तारीख टेढी आयी रे," ते म्हणाले. "पैले दोरी मारा नै क्या?"

मग खिशातून माझंच बॉलपेन मागून घेतलं, डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं आणि वहीच्या कोपऱ्यात, माझ्या आकड्यांच्या खाली, एक रेघ मारायला सुरुवात केली.